सवतसडा : एका पावसाळी धबधब्याची घडण

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाने परशुराम घाट उतरून चिपळूणकडे येताना, शहर सुमारे पाच किलोमीटर उरले असता, काळ्या कातळाच्या उभ्या कड्यावरून कोसळणारा जो धबधबा दृष्टीस पडतो, तो सवतसडा होय. तो कोणत्याही मोठ्या नदीवर नाही, वर्षातील जेमतेम चार महिनेच वाहतो आणि उंचीच्या बाबतीत गोव्याच्या सीमेवरील दूधसागर किंवा साताऱ्याजवळील ठोसेघर यांच्या पंक्तीला बसत नाही. तरीही पावसाळ्यात या वाटेने जाणारा प्रवासी सहसा येथे थांबल्यावाचून पुढे जात नाही. कोकणची भूमी कशी घडली, तिच्यावर पाऊस कसा पडतो आणि पडलेले पाणी पुढे कोठे जाते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी उभे राहून पाहता येतील अशा जागा थोड्या आहेत, आणि सवतसडा ही त्यांपैकी एक आहे. मात्र त्यासाठी प्रवाशाने कोसळणाऱ्या धारेइतकेच लक्ष धारेच्या वर पसरलेल्या भूभागाकडेही दिले पाहिजे, कारण धबधब्याचे खरे रहस्य त्या माथ्यावर आहे.

धबधब्याच्या नावामागे दोन सवतींची लोककथा सांगितली जाते. एकीने दुसरीला कड्यावरून लोटले आणि त्या झटापटीत तीही खाली गेली, असा तिचा गाभा असून तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. महाराष्ट्रातील अनेक कड्यांना आणि डोहांना अशाच दुःखान्त कथा चिकटलेल्या आढळतात; धोक्याच्या जागेची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जागी ठेवण्याचे काम त्या करीत आल्या आहेत, आणि सवतसड्याच्या बाबतीत ते काम आजही अनावश्यक ठरलेले नाही.

धबधब्याचा कडा ज्या खडकाचा आहे तो बेसाल्ट, म्हणजे लाव्हारस थंड होऊन तयार झालेला काळा, जड आणि कठीण पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूभागात जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर पडला, दूरवर पसरला आणि थरावर थर रचले गेले; आज या थरांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला असून पश्चिम घाटात त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. हे सारे थर एकसारखे नाहीत, ही गोष्ट धबधब्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा मधला भाग सावकाश थंड झाल्यामुळे घट्ट आणि एकसंध बनला, तर वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने तो सच्छिद्र आणि तुलनेने दुबळा राहिला. दोन उद्रेकांच्या दरम्यान बराच काळ गेला असेल तर खालच्या थराचा पृष्ठभाग झिजून तेथे तांबडी, मातकट पट्टीही तयार झाली. घाटातील रस्त्यांच्या कडेला कापलेल्या डोंगरात काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये दिसणारी तांबडी रेघ ती हीच.

वाहते पाणी कठीण थरावरून सरकत जाते आणि जेथे तो थर संपतो तेथे खालच्या मऊ थराला पोखरू लागते. मऊ थर आत आत खाल्ला गेला की वरचा कठीण थर आधाराविना पुढे आलेला राहतो, त्यातील उभ्या सांध्यांमध्ये पाणी शिरते आणि एखाद्या पावसाळ्यात त्याचा मोठा तुकडा तुटून खाली पडतो. त्यामुळे कड्याचा उभेपणा टिकून राहतो. उतार सौम्य होत जाण्याऐवजी कडा जसाच्या तसा मागे सरकतो. कोसळणारे पाणी आणि त्याच्याबरोबर आलेले दगडगोटे पायथ्याशी गरगरत राहून खोल डोह कोरतात, ज्याला कोकणात कोंड असेही म्हणतात. धबधबा म्हणजे स्थिर वस्तू नसून अत्यंत मंद गतीने उगमाच्या दिशेने चालणारी एक पायरी आहे, हे भूगोलाच्या अभ्यासकांचे म्हणणे या घडामोडीवर आधारलेले आहे. उत्तर अमेरिकेतील नायगारा धबधबा गेल्या सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकला आहे, तर आफ्रिकेत झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधब्याने, जो दख्खनप्रमाणेच बेसाल्टमध्ये कोरला गेला आहे, आपल्या मागे नागमोडी घळ्यांची रांग सोडली आहे आणि त्यांतील प्रत्येक घळई ही त्याची एकेकाळची जागा आहे. सवतसड्याचा प्रवाह या दोन महानद्यांच्या मानाने नगण्य आणि तोही हंगामी असल्याने त्याची मागे सरकण्याची गती फारच कमी असणार, परंतु तत्त्व तेच आहे.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. सह्याद्रीची मुख्य रांग चिपळूणच्या पूर्वेला बरीच दूर आहे. मग मुख्य कड्यापासून इतक्या अंतरावर, कोकणपट्टीच्या मध्यावर, असा उभा कडा कोठून आला? कोकण ही सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत उतरत जाणारी सपाट पट्टी आहे अशी अनेकांची समजूत असते, पण प्रत्यक्षात ते नद्या आणि खाड्यांनी खोलवर चिरलेले बुटके पठार आहे. पठाराचे माथे सपाट, त्यांच्या कडा तीव्र उताराच्या आणि मधल्या दऱ्यांचा तळ जवळजवळ समुद्रसपाटीला आलेला, अशी ही रचना आहे. चिपळूण शहर समुद्रापासून खाडीच्या मार्गाने चाळीसेक किलोमीटर आत असूनही समुद्रसपाटीपासून अवघ्या काही मीटर उंचीवर आहे, आणि वाशिष्ठी नदीत भरतीचे पाणी शहराच्या शेजारच्या गोवळकोटपर्यंत चढते. म्हणूनच एके काळी दाभोळच्या खाडीतून गलबते येथवर येत असत. परशुराम-लोटे परिसराचा माथा आणि वाशिष्ठीचे खोरे यांच्या उंचीत असा मोठा फरक आहे. माथ्यावरचे पाणी खोऱ्याकडे निघाले की त्याला थोड्या अंतरात बरीच उंची उतरावी लागते, आणि सवतसडा ही त्या उतरणीची एक जागा आहे.

आता माथ्याकडे वळू. कोकणात अशा सपाट, खडकाळ माथ्याला सडा म्हणतात आणि तो बहुधा जांभा दगडाचा असतो. जांभा हा बेसाल्टचाच वंशज आहे. उष्ण हवामानात भरपूर पाऊस आणि त्यानंतरचा कोरडा उन्हाळा हे चक्र लाखो वर्षे फिरत राहिले की खडकातील सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची न विरघळणारी संयुगे मागे उरतात; त्यांतील लोहामुळे जांभ्याला तांबूस-जांभळा रंग येतो. फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश अभ्यासकाने मलबारमधील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहून १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तान्तात त्याला लॅटेराइट हे नाव दिले. खाणीतून नुकताच काढलेला जांभा अवजाराने सहज कापला जातो आणि हवेत राहिल्यावर कठीण होतो, या गुणामुळे कोकणातील घरे, देवळे, विहिरी आणि गडग्यांपर्यंत सारे काही त्याच्या चिऱ्यांनी उभे राहिले.

जलविज्ञानाच्या दृष्टीने जांभ्याचा विशेष असा की तो छिद्रांनी आणि वेड्यावाकड्या नळ्यांनी भरलेला असतो, त्यामुळे पावसाचे पाणी त्यात झपाट्याने मुरते. परंतु त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा थर असतो आणि तो पाणी पुढे जाऊ देत नाही. पावसाळ्याच्या आरंभीच्या सरी जांभा पिऊन टाकतो. आर्द्रा नक्षत्र सरता सरता तो पाण्याने पूर्ण भरतो, आणि त्यानंतर पडणाऱ्या प्रत्येक सरीचे पाणी मुरण्यास जागा न मिळाल्याने पृष्ठभागावरून धावू लागते. कोकणात पऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या ओढ्यांना येते ते हेच पाणी, आणि असे प्रवाह एकत्र येऊन कड्याच्या टोकाशी पोचतात. मृगाच्या पावसात सवतसड्याची धार बारीक आणि अधूनमधून तुटणारी असते, तर पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांत, म्हणजे साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत, ती भरदार होते. या बदलाचे स्पष्टीकरण सड्याच्या या वागणुकीत आहे. पाऊस ओसरल्यावरही धबधबा काही दिवस वाहत राहतो, कारण जांभ्यात साठलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर येते. तो साठा संपला की धार आटते आणि हिवाळ्यात कड्यावर ओलाव्याचे काळे ओघळ तेवढे उरतात.

पाऊस इतका का पडतो, याचे उत्तर सुपरिचित आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात, वर चढताना प्रसरण पावून थंड होतात आणि थंड हवा कमी बाष्प धरू शकत असल्याने उरलेले बाष्प पावसाच्या रूपाने सोडतात. चिपळूण परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या आकड्याचा अर्थ लक्षात येण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. एक चौरस किलोमीटर सड्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यातून एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी जमा होते. कोकणात एका दिवसात इतका पाऊस ही जुलै महिन्यात नवलाची गोष्ट नाही. पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भूभागावर पडलेले पाणी एकाच प्रवाहात येऊन मिळते तो भूभाग, लहान असला तर हे पाणी कड्यापर्यंत येण्यास फार वेळ लागत नाही. मोठ्या नदीला पूर येण्यास कित्येक तास किंवा दिवस लागतात. सवतसड्यासारख्या धबधब्याचा प्रवाह माथ्यावरच्या एका जोरदार सरीने पाहता पाहता वाढू शकतो. खाली उघडीप असताना वर पाऊस कोसळत असणे हे घाटमाथ्याच्या प्रदेशात नित्याचे आहे, आणि धबधब्याखाली होणाऱ्या अपघातांचे एक मोठे कारणही तेच आहे.

कोसळणाऱ्या पाण्याचे पांढरेपण, त्याचा आवाज आणि आसपासच्या हवेतील गारवा या तिन्हींचे मूळ हवेच्या बुडबुड्यांत आणि तुषारांत आहे. पाणी मुळात पारदर्शक; परंतु ते फुटून त्यात असंख्य बुडबुडे आणि थेंब तयार झाले की प्रकाशाचे सर्व रंग सारख्याच प्रमाणात चहूकडे विखुरले जातात आणि डोळ्यांना पांढरा रंग दिसतो. आवाजाचा मोठा वाटा डोहात कोंडल्या गेलेल्या बुडबुड्यांच्या कंपनाचा असतो. मोठा बुडबुडा खालच्या पट्टीत आणि लहान बुडबुडा वरच्या पट्टीत निनादतो, हे डच शास्त्रज्ञ मार्सेल मिन्नार्ट यांनी १९३३ साली गणिताने दाखवून दिले. त्याआधी १८९२ साली फिलिप लेनार्ड यांनी धबधब्याजवळच्या हवेत ऋण विद्युत्भार आढळतो आणि तो पाण्याचे थेंब फुटण्यातून निर्माण होतो, असे मांडले होते. हेच लेनार्ड पुढे १९०५ मध्ये कॅथोड किरणांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

पाणी खाली पडताना त्याची ऊर्जा कोठे जाते, हा प्रश्नही असाच जुना आहे. इंग्लिश शास्त्रज्ञ जेम्स जूल हे १८४७ साली विवाहानंतर आल्प्समध्ये गेले असता तेथील एका धबधब्याच्या माथ्यावरचे आणि पायथ्याचे तापमान मोजण्याच्या खटपटीत होते, कारण पडण्याची ऊर्जा उष्णतेत बदलत असेल तर पायथ्याचे पाणी किंचित उबदार असले पाहिजे. पण पाण्याचे तुषार झाल्याने मोजणी साधली नाही. हिशेब असे सांगतो की एक अंश सेल्सियस तापमान वाढण्यासाठी पाणी सुमारे ४२७ मीटर उंचीवरून पडावे लागते, तेव्हा सवतसड्यासारख्या ठिकाणी हा फरक हाताला जाणवण्याजोगा नसतो.

मात्र ४२७ मीटरहून अधिक उंचीचा एक पाणलोंढा चिपळूण तालुक्यातच आहे आणि तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. सह्याद्रीच्या पूर्वेस कोयना नदीवर धरण बांधून अडवलेले शिवसागर जलाशयाचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवले जाते आणि पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंची उतरून पोफळी येथील भूमिगत वीजगृहातील जनित्रे फिरवते. तेथून ते कोळकेवाडीच्या जलाशयात येते, तेथे पुन्हा वीज निर्माण केली जाते आणि अखेरीस ते वाशिष्ठीत सोडले जाते. सर्व टप्पे मिळून कोयना प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट असून त्यातील चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाण्याला वाट करून देण्यात आली. सवतसड्यावर आवाज, तुषार आणि खडकाची झीज यांत खर्च होणारी ऊर्जा पोफळीला तारांमधून महाराष्ट्रभर जाते. एकाच तालुक्यातील हे दोन प्रपात प्रवाशाने मनात शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. सवतसडा पावसाच्या दिवसांत ऐन भरात येतो आणि उन्हाळ्यात नाहीसा होतो; पोफळीचे पाणी उन्हाळ्यातही उतरत असते, आणि त्यामुळेच वाशिष्ठी कोकणातील इतर बहुतेक नद्यांसारखी मे महिन्यात कोरडी पडत नाही.

ज्या पावसाने सवतसडा खुलतो, त्याच पावसाने चिपळूण बुडते, हेही येथे नोंदवले पाहिजे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखा शहर विसरलेले नाही. दुसऱ्या वेळी सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी बाजारपेठेत शिरले, भरतीमुळे खाडीकडे होणारा निचरा मंदावला आणि असंख्य घरे व दुकाने पाण्याखाली गेली. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला दोन्ही पुरांचा फटका बसला आणि कित्येक ग्रंथ नष्ट झाले. ही हानी पैशांत मोजता येणार नाही, आणि त्या आघातानंतर हे ग्रंथालय पुन्हा उभे करणाऱ्या चिपळूणकरांचे ऋण मराठी वाचकांवर आहे. सड्यावरून आणि डोंगरउतारांवरून पाणी किती वेगाने खाली येते, यावर अशा पुरांची तीव्रता काही अंशी अवलंबून असते. उतारांवरची झाडी तुटली, माती धुपली आणि नदीचे पात्र गाळाने भरले की तोच पाऊस अधिक घातक ठरतो.

परशुराम घाटाचा उतारही याच कारणाने नाजूक आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी डोंगर कापावा लागला, पावसाळ्यात दरडी कोसळण्याचे प्रकार घडले आणि २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत कामासाठी दुपारचे काही तास हा घाट वाहतुकीस बंद ठेवावा लागला होता. सवतसडा पाहण्यासाठी येणाऱ्याने घाटातील वळणावर किंवा कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी वाहन उभे करू नये, हा सल्ला म्हणून औपचारिक नाही.

धबधब्यापर्यंत महामार्गापासून थोडेसे चालून जाता येते आणि ज्यांना चालणे शक्य नाही त्यांनाही रस्त्यावरून तो दिसतो. सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यानंतर उघडीप मिळालेली सकाळ पाहण्यास सर्वांत चांगली; धार भरलेली असते, पण नवी सर नसल्याने प्रवाहाचा भरवसा काहीसा अधिक असतो. थेट धारेखाली उभे राहणे टाळावे. ५० मीटरवरून पडणारा दगड खाली पोचताना ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेगाने येतो, आणि हवेच्या विरोधाने पाण्याचे थेंब मंदावतात तसा दगड मंदावत नाही. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पालापाचोळा व काटक्या दिसू लागणे आणि आवाज जड होणे ही माथ्यावर सर आल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच कोणाची वाट न पाहता पात्रातून बाहेर यावे. शेवाळलेल्या कातळावर चढू नये आणि डोहाची खोली वरून कळत नसल्याने त्यात उतरू नये. हातात वेळ असेल तर घाट चढून परशुरामाच्या देवळापर्यंत जावे. अठराव्या शतकात ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांच्याशी जोडले गेलेले हे देवस्थान ज्या उंचीवर आहे, तेथून वाशिष्ठीचे खोरे आणि खाडीकडे जाणारे तिचे वळसे नजरेच्या एका टप्प्यात येतात, आणि पठार व खोरे यांच्या उंचीतील फरक नकाशापेक्षा अधिक स्पष्टपणे समजतो.

ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरमध्ये कोकणचे सडे फुलतात. वीतभरही माती नसलेल्या कातळावर तेरडा, कवला, गेंद आणि सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी कीटकभक्षी वनस्पती ताटव्यांनी उगवते, आणि साचलेल्या उथळ पाण्यात बेडकांची नवी पिढी वाढते. शासनाच्या कागदोपत्री अशी जमीन कित्येकदा पडीक म्हणून नोंदली जाते. तिच्यावर चिरेखाणी निघतात, कारखाने उभे राहतात, आंब्याच्या बागांसाठी ती सपाट केली जाते. यांतील गरजा खऱ्या आहेत, पण पाणी शोषून घेणारा, साठवणारा आणि सावकाश सोडणारा हा थर खरवडला गेला की खालचे झरे, विहिरी आणि धबधबे यांच्यावर त्याचा परिणाम होतोच. सवतसड्याला भेट देणाऱ्यांनी धबधब्यासमोर छायाचित्र घ्यावे, भिजण्याचा आनंद घ्यावा, आणलेला कचरा परत न्यावा आणि कोकणातल्या एखाद्या तरी सड्यावर भाद्रपदात जाऊन यावे; तेथे फुलांवर पाय पडू नये म्हणून मळलेल्या वाटेनेच चालावे.